कोठावळ्याची नोंदवही



हल्ली घरोघरी असणारा भ्रमणध्वनी दोन-चार दिवसांआड आपणांस एक निरोप देतो. ‘अमुक इतक्या आज्ञावली अद्ययावत करावयाच्या आहेत,’ असे तो सांगतो. आपण होकाराचे बोट टेकवितो आणि चहा निवण्याच्या आत काम आटोपलेले असते. काय आले, कोठून आले, कोणी पाठविले, आलेला माल खरा की खोटा हे कोणी पाहिले, यांपैकी एकही प्रश्न आपण विचारीत नाही. विचारावासा वाटत नाही हे या व्यवस्थेचे यश आहे. आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे तिच्यातील धोकाही तेथेच आहे.

ही व्यवस्था आभाळातून पडलेली नाही. गेल्या तीस-बत्तीस वर्षांत थोड्या माणसांनी, आणि त्यांतील कित्येकांनी एक पैही न घेता, ती उभारली. संगणकाच्या परिभाषेत तिला ‘पॅकेज मॅनेजर’ म्हणतात. मी तिला आपल्या भाषेत कोठावळा म्हणणार आहे. कोठारात काय आहे, काय आले, काय गेले आणि कशावाचून काय अडेल हे ज्याला ठाऊक असते, तो कोठावळा.

मी संगणकशास्त्राचा पंडित नव्हे. माझी सारी उमेद शासकीय कचेरीत, आवक-जावक आणि जडसंग्रह नोंदवही यांच्या सहवासात गेली. या विषयाची गोडी मला लागली तीही एका नोंदवहीमुळेच. २००६ सालची गोष्ट. एका लहानशा कचेरीत मी नव्याने रुजू झालो होतो. कपाटात तबकड्यांची चळत होती: एक हिशेबाच्या आज्ञावलीची, एक मराठी अक्षरवळणांची, एक छपाईयंत्राची, अशा अनेक. एके दिवशी हिशेबाची नवी आवृत्ती बसविली, आणि दुसऱ्या दिवशी मराठी पत्रे छापावयास घ्यावीत तो कागदावर अक्षरांऐवजी नुसते चौकोन उमटले. नव्या आज्ञावलीने आपल्याबरोबर आणलेली एक सामाईक फाइल जुन्या फाइलच्या जागी बसविली होती, आणि जुनीवर विसंबलेले मराठीचे काम कोलमडले होते. आमचे ज्येष्ठ लिपिक, ज्यांना सारी कचेरी भाऊसाहेब म्हणे, शांतपणे म्हणाले, “साहेब, एकाला बसवलं की दुसरा रुसतो. म्हणून मी लिहून ठेवतो.” त्यांनी खणातून एक वही काढली. कोणत्या तारखेस काय बसविले, कोणत्या तबकडीवरून, आणि त्यानंतर काय बिघडले, याच्या नोंदी तीत सुवाच्य अक्षरांत होत्या. त्या वहीच्या आधारे आम्ही दुपारपर्यंत मराठी अक्षरे परत आणली.

याच अडचणीवर हीच युक्ती सातासमुद्रांपलीकडे एका विद्यार्थ्याने तेरा वर्षांपूर्वीच योजली होती, हे मला पुष्कळ उशिरा कळले.

या अडचणीचे मूळ समजून घेतले पाहिजे. कोणतीही आज्ञावली एकटी जगत नाही. पत्र लिहिण्याची आज्ञावली घ्या. अक्षरे रेखाटण्याचे काम ती दुसरीकडून करून घेते, मजकूर आवळून ठेवण्याचे तिसरीकडून, छपाईचे चौथीकडून. एकाच घरातील पाच पदार्थ एकाच डब्यातील कणकेवर अवलंबून असावेत, तसे हे आहे. प्रत्येकाने आपला स्वतंत्र डबा आणला तर घरात जागा उरत नाही. आणि एकच डबा ठेवला, तर तो बदलणाराने उरलेल्या चौघांना विचारले पाहिजे. या परस्परावलंबनाचा हिशेब ठेवावयाचा कोणी? या एका प्रश्नाचा पाठपुरावा म्हणजेच आजच्या आपल्या विषयाचा इतिहास होय.

आरंभीच्या काळात हा हिशेब माणूसच डोक्यात ठेवी. १९७० नंतरच्या दशकात युनिक्स प्रणालीवरील आज्ञावली चुंबकीय फितींवरून विद्यापीठा-विद्यापीठांत हिंडत असत. फीत आली की तिच्यावरील मूळ संहिता वाचावयाची, आपल्या यंत्राला जुळेल असा फेरफार करावयाचा आणि मग ती यंत्राच्या भाषेत उतरवावयाची. १९७६ साली बेल प्रयोगशाळेतील स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ नावाचे साधन रचले. कोणता भाग कोणत्या भागापासून तयार होतो हे एका चिठ्ठीत लिहून ठेवले, की बदललेले तेवढेच पुन्हा घडविण्याचे काम ‘मेक’ करी. अवलंबन लेखी नोंदवावे, हा विचार येथे रुजला. परंतु ‘मेक’ला घडविणे ठाऊक होते, सांभाळणे ठाऊक नव्हते. आज्ञावली एकदा यंत्रावर पसरली म्हणजे तिच्या फाइली कोठे कोठे गेल्या, ती काढून टाकावयाची तर काय काय पुसावयाचे, याचे उत्तर कोणाजवळच नसे.

पुढे १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. आज्ञावलीची मूळ संहिता सर्वांना वाचता, बदलता आणि वाटता आली पाहिजे, हे त्या प्रकल्पाचे ब्रीद. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा जाहीर केला. आता गाभा एकाचा, साधने दुसऱ्यांची, खिडक्या आणि चित्रे तिसऱ्यांची, असा मोठा पसारा झाला. तो एकत्र बांधून लवचिक तबकड्यांच्या संचातून देणारी मंडळी निघाली. १९९२ साली निघालेला ‘एस्‌एल्‌एस्’ हा संच त्यांपैकी लोकप्रिय. पण त्यात चुका पुष्कळ, आणि त्या वेळच्या वेळी दुरुस्त होत नसत.

या दुरवस्थेने अस्वस्थ झालेला एक तरुण अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात शिकत होता. त्याचे नाव इयन मर्डॉक, वय वीस वर्षांचे. १६ ऑगस्ट १९९३ रोजी त्याने नव्या संचाची घोषणा केली. आपले नाव आणि आपल्या मैत्रिणीचे डेब्रा हे नाव जोडून त्याने त्याला ‘डेबियन’ म्हटले. हा संच एका माणसाने किंवा एका पेढीने बांधावयाचा नाही. अनेकांनी एकेक भाग सांभाळावयाचा आणि सर्व भाग एकमेकांशी जुळावेत म्हणून समान नियम पाळावयाचे, ही त्याची कल्पना होती. अनेक हातांनी केलेले काम जुळवावयाचे तर मधे एक निःपक्षपाती कोठावळा हवा, हे ओघानेच आले. त्याच खटपटीतून ‘डीपीकेजी’ ही आज्ञावली जन्माला आली. तिचे पहिले रूप १९९४ च्या आरंभीचे आणि अगदी साधे होते. त्याच वर्षी इयन जॅक्सन यांनी तिची नव्याने भक्कम बांधणी केली.

‘डीपीकेजी’ काय करते? ती प्रत्येक आज्ञावलीचे एक गाठोडे बांधावयास सांगते. गाठोड्यात आज्ञावलीच्या फाइली असतात आणि त्यांच्या सोबत एक चिठ्ठी असते. चिठ्ठीवर नाव, आवृत्तीचा क्रमांक आणि सांभाळ करणाराचे नाव असते. शिवाय ‘मला अमुक लागते’ आणि ‘माझे अमुकाशी जमत नाही’ अशी दोन कबुलीपत्रेही असतात. गाठोडे सोडण्यापूर्वी व सोडल्यानंतर करावयाची कामेही त्यात नमूद असतात. आणि यंत्रावर एक नोंदवही असते. कोणते गाठोडे पूर्ण बसले, कोणते अर्धवट राहिले, कोणते काढले पण त्याची व्यवस्थापत्रे जपून ठेवली, हे सर्व तीत साध्या, माणसाला वाचता येईल अशा मजकुरात लिहिलेले असते. मी ती वही प्रथम उघडून पाहिली, तेव्हा मला भाऊसाहेबांच्या वहीची आठवण झाली. अक्षर तेवढे त्यांचे नव्हते.

१९९५ च्या सुमारास रेड हॅट या कंपनीत मार्क यूइंग आणि एरिक ट्रोन यांनी ‘आरपीएम’ ही दुसरी पद्धती सिद्ध केली. तीही याच तत्त्वाची. पण दोन्हींत एक मोठी उणीव राहिली होती. ‘मला अमुक लागते’ असे गाठोड्यावर वाचून कोठावळा आपणास अडवी, परंतु ते अमुक आणून मात्र देत नसे. आपण ते शोधून आणावे, तर त्याला आणखी दोन लागत; ती आणावीत, तर त्यांतील एकाचे घरातल्या जुन्याशी वैर निघे. रात्र रात्र जागून माणसे ही साखळी सोडवीत बसत. या अवस्थेला संगणकाच्या जगात ‘अवलंबनाचा नरक’ असे नाव पडले होते. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे, आणि तेथून दाखल्यासाठी तिसऱ्या कचेरीकडे धाडल्या गेलेल्या नागरिकास त्या नावाचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. ते अंतर आमच्या बाजूने कसे दिसते आणि त्याच्या बाजूने कसे, याचा विचार मी त्या निमित्ताने प्रथम केला.

या नरकातून सुटका करणारे साधन डेबियनच्या मंडळींनी १९९८ साली हाती घेतले आणि मार्च १९९९ मधील डेबियनच्या २.१ या आवृत्तीबरोबर ते सर्वांच्या हाती आले. त्याचे नाव ‘अॅप्ट’. ‘डीपीकेजी’ हा घरातला कोठावळा. ‘अॅप्ट’ हा त्याचा बाजारहाट करणारा मुनीम. त्याला प्रथम जो हुकूम द्यावयाचा, त्याने माल येत नाही. दूरच्या भांडारात आज काय काय आहे, याची ताजी यादी तेवढी येते. दुसऱ्या हुकुमाने मुनीम आपली नोंदवही आणि ती यादी ताडून पाहतो, काय नवे घ्यावयाचे ते ठरवितो, त्यास लागणारे सारे आणतो, प्रत्येक गाठोड्याचा ताळा जमतो का हे तपासतो आणि योग्य क्रमाने ती कोठावळ्याच्या स्वाधीन करतो. नवशिके या दोन हुकुमांत गफलत करतात आणि यादी आली की माल आला असे समजतात. गंभीर कामाच्या या साधनात त्याच्या कर्त्यांनी एक गंमतही ठेवली आहे: त्याला ‘मू’ असा हुकूम दिला तर पडद्यावर अक्षरांनी काढलेली एक गाय उभी राहते. आरपीएमच्या बाजूसही पुढे असाच मुनीम आला. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात सेथ विडाल आणि त्यांचे सहकारी यांनी तो घडविला. त्याचे नाव ‘यम’. नरकातून सोडविणाराचे नाव यम असावे, हा योगायोग मराठी माणसालाच कळणार.

मुनीमाचे हे काम वरून सोपे दिसते, पण तसे ते नाही. क ला ख ची नवी आवृत्ती हवी, ग ला ख ची जुनीच हवी, आणि घ म्हणतो मला क किंवा ग यांपैकी कोणीही चालेल. अशी हजारो बंधने एकत्र आली म्हणजे सर्वांना मानवेल अशी निवड आहे की नाही, हे ठरविणे हा गणिताचा प्रश्न होतो. २००६ च्या सुमारास एका युरोपीय संशोधन प्रकल्पातील अभ्यासकांनी सिद्ध करून दाखविले, की हा प्रश्न अशा अवघड वर्गातला आहे, ज्यातील प्रश्नांना सर्व प्रसंगी झटपट उत्तर देणारी रीत आजवर कोणासही सापडलेली नाही. व्यवहारात मात्र तर्कशास्त्राच्या युक्त्यांनी उत्तर बहुधा चटकन निघते. नेदरलँड्समधील युट्रेक्ट विद्यापीठात एल्को डोलस्त्रा यांनी २००३ पासून ‘निक्स’ नावाची निराळीच वाट काढली: प्रत्येक आवृत्तीला तिच्या घडणीवरून काढलेले वेगळे नाव द्यावयाचे आणि तिला स्वतंत्र खोली द्यावयाची, म्हणजे जुन्या-नव्याचे भांडणच नको. जागा अधिक लागते, पण शांतता नांदते. एकत्र कुटुंब की विभक्त, हा वाद संगणकालाही चुकला नाही.

एवढे यंत्राविषयी. परंतु या कोठाराची खरी शक्ती यंत्रात नाही, माणसांत आहे. जून १९९६ मध्ये डेबियनच्या भांडारात ४७४ गाठोडी होती. ऑगस्ट २०२५ मध्ये निघालेल्या तेराव्या आवृत्तीत ती ६९,००० हून अधिक झाली. यांतील प्रत्येक गाठोड्यावर सांभाळ करणाराचे नाव आहे. नवी आवृत्ती प्रथम ‘अस्थिर’ भांडारात येते. तेथे काही दिवस काढून, मोठा दोष न निघाल्यास ‘चाचणी’ भांडारात जाते. आणि पुष्कळ काळाने ‘स्थिर’ भांडारात तिला प्रवेश मिळतो. सांभाळ करणारे एकमेकांस प्रत्यक्ष भेटतात, ओळखपत्र पाहतात आणि मगच एकमेकांच्या अंकीय स्वाक्षरीवर साक्ष घालतात. आम्ही कचेरीत साक्षांकनाचा शिक्का मारतो, त्याहून हे काम अधिक निष्ठेने होते, असे मला लाजत सांगावे लागते. २००७ सालच्या चौथ्या आवृत्तीपासून भांडाराची यादीच स्वाक्षरीने मोहोरबंद होऊन येऊ लागली, आणि मोहोर जुळली नाही तर मुनीम धन्याला सावध करू लागला.

या कोठाराशी आपलाही संबंध आहे. २००९ साली निघालेल्या पाचव्या आवृत्तीत डेबियन बसविताना दिसणाऱ्या सूचना मराठीतून वाचण्याची सोय झाली. ती कोणा व्यापाऱ्याच्या हिशेबातून आलेली नव्हती. आपल्या भाषेसाठी हौसेने बसून भाषांतर करणाऱ्यांची ती कमाई होती. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या आपल्या संस्थेची ‘बॉस’ ही भारतीय भाषांची प्रणाली २००७ साली निघाली, तीही डेबियनच्याच पायावर. आणि सप्टेंबर २०२३ मध्ये डेबियनचा जागतिक मेळावा भारतात प्रथमच, कोची येथे भरला.

आता या चित्राची दुसरी बाजू. कोठावळा प्रामाणिक असला तरी तो चुकू शकतो. २००६ साली डेबियनमध्ये गुप्त किल्ल्या घडविणाऱ्या एका गाठोड्यातून, तपासणीच्या साधनाने तक्रार केली म्हणून, एक ओळ गाळण्यात आली. हेतू चांगला होता. परिणाम असा झाला, की अगणित असावयास हव्या त्या किल्ल्या प्रत्येक प्रकारात सुमारे ३२ हजारच उरल्या. हे मे २००८ मध्ये उघडकीस आले, आणि जगभर लोकांना आपापली कुलपे बदलावी लागली.

२०१६ च्या मार्चमध्ये निराळाच प्रसंग घडला. जावास्क्रिप्ट भाषेच्या ‘एनपीएम’ या भांडारातून एका लेखकाने नावाच्या वादावरून रागावून आपली सारी गाठोडी काढून घेतली. त्यांत अवघ्या ११ ओळींचे एक होते. मजकुराच्या डाव्या बाजूस रिकामी जागा भरणे एवढेच त्याचे काम. परंतु त्याच्यावर विसंबलेली इतकी कामे होती, की ती जगभर अडून बसली. भांडाराच्या चालकांनी ते थोड्याच तासांत परत ठेवले आणि पुढे असे काढून घेण्यावर निर्बंध घातले. अकरा ओळींची ही शिकवण मोठी आहे: आपण कशावर उभे आहोत, हे पुष्कळदा पायाखालचे सरकल्यावरच कळते.

पण सर्वांत सावध करणारी घटना २०२४ ची. मजकूर आवळून लहान करणारे ‘एक्सझेड’ नावाचे एक साधन आहे. ते असंख्य यंत्रांवर असते आणि अनेक वर्षे त्याचा सांभाळ मुख्यतः एकच माणूस, फावल्या वेळात करीत होता. तो थकला होता, हे त्याने लपविले नव्हते. अशा वेळी कोणी एक अनोळखी साहाय्यक पुढे आला. दोन वर्षांहून अधिक काळ त्याने निमूटपणे उपयुक्त काम केले. इतर काही नावांनी ‘काम मंदावले आहे, अधिकार दुसऱ्यास द्या’ असा तगादा लावला. आणि अखेर साहाय्यकाच्या हाती किल्ल्या आल्या. त्याने नव्या आवृत्तीत एक चोरदार बसविले. ते दूरच्या यंत्रात शिरण्याच्या मार्गाशी जोडलेले होते.

ते पकडले कोणी? आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या एका अभियंत्याने. तो आपल्याच कामासाठी वेग मोजत होता. यंत्रात प्रवेश करण्यास नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, हे त्याला खटकले. दुसरा कोणी असता तर ‘असेल काही’ म्हणून सोडून देता. याने धागा धरून शोध घेतला आणि २९ मार्च २०२४ रोजी सर्वांना सावध केले. तोवर दूषित गाठोडे डेबियनच्या अस्थिर आणि चाचणी भांडारांपर्यंत पोहोचले होते. स्थिर भांडारात ते शिरले नव्हते. ज्या संथपणाबद्दल डेबियनची थट्टा होते, त्याने त्या दिवशी पहारा दिला.

या प्रसंगाचा मी एक कारभारी म्हणून पुष्कळ विचार केला आहे. मोहोर खरी होती. स्वाक्षरी अधिकृत होती. कागदोपत्री दोष काढावा अशी जागा नव्हती. दोष होता तो एका एकाकी, थकलेल्या माणसाकडे इतक्या जणांनी वर्षानुवर्षे पाहिलेच नाही, यात. सार्वजनिक विहिरीचे पाणी सारे गाव भरते. तिचा गाळ काढणारा मात्र एकच असतो, आणि तो आजारी पडेपर्यंत त्याचे नावही गावाला ठाऊक नसते. उपाय शोधले जात आहेत. मूळ संहितेपासून दोन निरनिराळ्या ठिकाणी घडविलेले गाठोडे अक्षरशः एकसारखे निघाले पाहिजे, म्हणजे मधे कोणी हात मारला तर कळेल, यासाठी डेबियनमध्ये २०१३ पासून नेटाने काम चालले आहे. ते मोलाचे आहे. परंतु गाळ काढणाराचा भार वाटून घेणारा यंत्रनियम अद्याप कोणी शोधलेला नाही. ते काम माणसांनीच करावयाचे आहे, आणि ज्या शासनांचा व पेढ्यांचा कारभार या कोठारावर चालतो त्यांनी तर आधी.

२००८ साली भ्रमणध्वनीवर आज्ञावलींची दुकाने उघडली आणि कोठावळ्याची ही रीत घरोघरी पोहोचली. तेथे कोठाराचा धनी एक कंपनी असते आणि तिची वही आपणास वाचावयास मिळत नाही. डेबियनची वही कोणीही उघडून पाहावी अशी आहे. सोय दोन्हीकडे आहे. फरक आहे तो वही कोणाच्या खणात असते याचा. इयन मर्डॉक २०१५ च्या डिसेंबरात वयाच्या अवघ्या ४२ व्या वर्षी वारला. त्याने सुरू केलेले कोठार त्याच्या पश्चात चालू आहे, कारण ते त्याच्या एकट्याच्या डोक्यात नव्हते, लेखी होते.

भाऊसाहेबही निवृत्त झाले. जाताना त्यांनी ती वही माझ्या हाती दिली आणि म्हणाले, “साहेब, पुढच्याला द्या. नाहीतर पुन्हा चौकोन छापाल.” माझी बदली झाली तेव्हा मी ती पुढच्याला दिली. आज सायंकाळी आपल्या भ्रमणध्वनीवर अद्ययावत करण्याची सूचना आली, तर होकार अवश्य द्यावा. टाळल्याने दुरुस्त्याही टळतात. मात्र बोट टेकविण्यापूर्वी क्षणभर थांबून, कोठेतरी ही वही लिहीत बसलेल्या माणसाची आठवण करावी.